दर पावसाळ्यात भाड्याच्या घराची तीच भिंत ओली होते: बेळगाव-खानापूर भागासाठी समस्या निवारण

मे महिन्यात घर बघितलं तेव्हा भिंती कोऱ्या करकरीत होत्या, रंगाचा वास येत होता. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली, पुनर्वसूचा तरणा पाऊस सुरू झाला आणि पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसायला लागले. कपाटातल्या साड्यांना कुबट वास, चपलांवर पांढरी बुरशी, स्वयंपाकघरात मिठाची बरणी पाणावलेली. मालकांना सांगितलं, त्यांनी दिवाळीआधी रंग मारून दिला. पुढच्या वर्षी तीच भिंत, तोच डाग. अनगोळ, वडगाव, हिंदवाडी, कंग्राळी, गणेशपूर, पिरनवाडी, मच्छे किंवा तिकडे खानापूर, कुठेही भाड्याने राहणाऱ्या माणसाला विचारा, यातलं निम्मं तरी त्याने भोगलेलं असतं.

हा त्रास परत परत येतो, कारण पाणी कुठून येतंय हे ठरवायच्या आधीच उपाय सुरू होतो. भिंतीत ओल शिरायच्या चार वाटा आहेत: खालून जमिनीतून, बाहेरून पावसाच्या झडीतून, वरून किंवा आतून गळतीतून, आणि घरातल्याच दमट हवेतून. या चारांचे उपाय वेगवेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला तर पैसे जातातच, कधी कधी ओल वाढतेही. म्हणून आधी निदान, मग मालकांशी बोलणं, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी.

सगळ्याच्या आधी: वीज

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल आणि भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, गिझरच्या नळाला किंवा मोरीतल्या नळाला शॉक लागत असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका. मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. शॉक मीटरच्या बाजूने किंवा खांबावरच्या वायरमधून येतोय अशी शंका असेल तर हेस्कॉमला (इथली वीज कंपनी) १९१२ वर कळवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर तो बसवून घ्यायचा आग्रह मालकांकडे धरा. जमिनीकडे वीज गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. साध्या एमसीबीचं काम वेगळं आहे, तो जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाला शॉक लागण्यापासून तो वाचवत नाही. घरात रांगणारं मूल असेल तर ही गोष्ट आजच करा.

आपल्याच भागात एवढं का

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. अरबी समुद्रावरून येणारा वारा गोव्याकडून घाट चढतो आणि पहिला मोठा पाऊस कणकुंबी, जांबोटीकडे टाकतो. मलप्रभा तिथेच उगम पावते. तिथून पूर्वेला येऊ तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. अथणी, रायबाग त्याच जिल्ह्यातले, पण तिथे ही समस्या जवळजवळ नाही. बेळगाव शहर मधल्या पट्ट्यात येतं, वर्षाचा पाऊस साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर. आकडा फार मोठा वाटत नाही, पण तो पडतो कसा ते महत्त्वाचं. मुसळधार कमी आणि रिपरिप जास्त. आठवडा-आठवडा ऊन नाही, दिवसाचं तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास, आणि हवा पाण्याने भरलेली. भिंत भिजते त्याहून तिला वाळायला वेळ मिळत नाही, हे खरं दुखणं आहे.

मडगाव, वास्कोला राहिलेले लोक भिंतीवरची पांढरी पावडर बघून खारी हवा म्हणतात. समुद्राकाठच्या घरात वाऱ्यातलं मीठ लोखंडाच्या खिडक्या-गज खातं, ते तिथलं खरं आहे. आपल्याकडचं पांढरं मात्र माती, विटा आणि सिमेंटमधल्या क्षारांचं असतं. पाणी भिंतीतून पृष्ठभागावर येतं, उडून जातं, आणि क्षार मागे राहतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. क्षार पाण्यात विरघळतात, बुरशी विरघळत नाही. चिमूटभर पावडर वाटीभर पाण्यात टाकून ढवळा, लगेच कळतं.

निदान: कुठला डाग, कुठे, कधी

भिंतीकडे तीन प्रश्न घेऊन बघायचं. डाग जमिनीपासून किती उंचीवर आहे? पाऊस थांबल्यावर तो कमी होतो का? त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?

मग एक साधी चाचणी. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन घ्या, ती जागा कापडाने पुसून शक्य तेवढी कोरडी करा, आणि फॉइलच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवस हात लावू नका. काढल्यावर फॉइलच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर दोष हवेचा. दोन्हीकडे असेल तर दोन्ही वाटा चालू आहेत, आणि जुन्या तळमजल्यांवर हेच जास्त वेळा सापडतं. चिकटपट्टी ओल्या रंगावर टिकत नसेल तर कडांना दुपदरी लावा. एकाच जागी करून थांबू नका, बाहेरची भिंत आणि आतली भिंत दोन्हीवर करा, तरच तुलना होते.

आता एकेक वाट.

खालून चढणारी ओल

खूण: जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, वरची कड नागमोडी, कडेला लोणा, खाली गिलावा फुगून पापुद्रे पडलेले. भिंत बाहेरची असो की आतली, फरक नाही. ऑक्टोबर गेला तरी पट्टा राहतो.

वीट, जांभा, माती ही सगळी सच्छिद्र. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं. ते अडवायला जोत्यावर ओलरोधक थर घालायचा असतो. शहापूर, वडगाव, खासबागच्या जुन्या घरांत तो बहुधा नसतो. नव्या घरात असला तरी निकामी होऊ शकतो, कारण गल्लीत रस्त्यावर रस्ता चढतो, मालक अंगणात काँक्रीट ओततात, आणि बाहेरची जमीन जोत्याच्या वर येते. बाहेर जाऊन बघा: अंगणाची पातळी घरातल्या फरशीच्या बरोबरीला किंवा वर असेल तर निदान तिथेच झालं. तळटाकी भिंतीला लागून असेल तर तिचीही शंका घ्या. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत पाणी रोज येत नाही, साठवावंच लागतं, आणि चिरलेली तळटाकी बारा महिने जोतं भिजवत राहते. टाकी भरून, वापर बंद ठेवून, रात्री आणि सकाळी पातळी मोजा.

विणकरांच्या जुन्या घरात मागाचा खड्डा बुजवून खोली काढलेली असेल तर तिथे फरशी एका ठिकाणी कायम थंड आणि ओलसर लागते. भराव नीट ठोकलेला नसला की असं होतं. ती जागा झोपायला घेऊ नका.

यावर सर्वात जास्त केला जाणारा उपाय म्हणजे आतून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट. तो करू देऊ नका. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं, आणि तीन फुटांचा पट्टा पुढच्या वर्षी चार-पाच फुटांवर दिसतो. भिंतीला टाइल लावून झाकणं हाही तोच प्रकार. खरा उपाय बाहेर आहे: अंगण खणून पातळी जोत्याखाली किमान सहा इंच आणणं, भिंतीलगत पाणी न थांबता वाहून जाईल असा उतार, पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब सोडणं. मग खराब गिलावा पट्ट्याच्या वर फूटभर जाईपर्यंत काढून भिंत उघडी वाळू देणं, आणि शेवटी चुन्याचा श्वास घेणारा गिलावा. जोत्यात भोकं पाडून रसायन भरायची पद्धतही आहे, चांगला माणूस मिळाला तर उपयोगी पडते, पण बाहेरची पातळी न सुधारता ती करणं व्यर्थ आहे. हा सगळा मालकांचा खर्च. भाडेकरूने फार तर पट्ट्यापासून सामान लांब ठेवायचं आणि पन्हाळीला पाइपचा तुकडा जोडायचा.

झडीची ओल

खूण: पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची भिंत, मधोमध किंवा खिडकीभोवती डाग, पाऊस वाऱ्यासकट आला की काही तासांत गडद, दोन-चार दिवस उघडीप मिळाली की फिका.

हे निदान सगळ्यात सोपं आणि उपायही सगळ्यात स्वस्त. खिडकीच्या छज्जाला खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का बघा. नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून वाहत भिंतीला येतं. चौकट आणि भिंतीमधली फट, बाहेरच्या गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगा, एसीच्या किंवा केबलच्या तारेसाठी पाडलेलं भोक. या भोकांकडे कुणी बघत नाही. तार बाहेरून आत उतरती येत असेल तर पाणी तिच्यावरून सरळ घरात येतं. बाहेर तिला खाली झोल द्या, म्हणजे थेंब झोलावरून खाली पडतो, आणि भोक सिलिकॉनने बुजवा. हे काम भाडेकरू स्वतः करू शकतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लोक पावसाच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतीला पत्रे नाहीतर ताडपत्री बांधतात. शहरात आलेली माणसं ते गावठी समजून सोडून देतात, आणि हे सोडायला नको होतं. भिंत आणि पत्रा यांच्यात चार बोटं जागा सोडून वरून खालपर्यंत पत्रा मारला की झडीचा त्रास त्याच वर्षी संपतो. कुठल्याही महागड्या रंगापेक्षा मी हा उपाय वर धरेन. मालक खर्चाला तयार नसतील तर निदान ताडपत्री बांधायची परवानगी मागा.

कौलारू घर असेल तर रोहिणी निघण्याआधी कौलं परतून घ्यायला हवीत. घाटाजवळच्या गावांत माकडं कौलं सरकवतात, ती जागा उन्हाळ्यात आतून बघा: दिवसा अंधाऱ्या खोलीत उभं राहिलं की जिथून प्रकाशाचा ठिपका येतो तिथून पाणी येणार. कौलं परतायची मजुरी कोणाची हे करार करतानाच बोलून घ्या. पावसात कुणी गडी चढायला तयार होत नाही.

गळती

खूण: छताला गोल, पिवळसर कडेचा डाग, किंवा भिंतीला पाऊस असो-नसो सारखाच डाग.

पाऊस नसतानाही ओल असेल तर ती पावसाची नव्हेच. भिंतीपलीकडे न्हाणीघर, मोरी, शेजाऱ्याचा संडास, वरच्या मजल्याचा पाइप यातलं काय आहे ते शोधा. न्हाणीघराचा वापर दोन दिवस बंद ठेवता आला (शनिवार-रविवार गावाला जाताना जमतं) आणि डाग फिका पडला, तर टाइलमधले सांधे किंवा नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं तोंड) दोषी. ट्रॅपमध्ये कपड्याच्या निळीचं पाणी ओतून पलीकडे रंग येतो का हेही बघता येतं. टाइलचे सांधे साध्या पांढऱ्या सिमेंटने भरलेले असतील तर ते खरवडून इपॉक्सीने भरणं हा मोठ्या तोडफोडीशिवायचा उपाय आहे आणि बऱ्याचदा पुरतो.

स्लॅबच्या डागासाठी गच्चीवर जा. पाणी जायचं तोंड पानांनी, प्लास्टिकने तुंबलेलं असतं, दहातल्या कितीतरी घरांत एवढंच निघतं. ते साफ करून फरक पडत नसेल तर उन्हाळ्यात गच्चीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी दिवस-दीड दिवस साठवून खाली बघायचं. ही चाचणी मालकांच्या समोर आणि त्यांच्या संमतीने करा. गच्चीवरची टाकी भरून वाहते का, हेही बघा. टाकीचं ओसंडलेलं पाणी रोज त्याच कोपऱ्यात पडत असेल तर जगातलं कुठलंही वॉटरप्रूफिंग तिथे फार काळ टिकणार नाही.

घरातल्या हवेची ओल

ही वाट भाडेकरूच्या हातातली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

खूण: काळे ठिपके कोपऱ्यात, छताजवळ, कपाटामागे, पलंगामागे. लोणा नाही, गिलावा शाबूत, नखाने खरवडला तर आतून कोरडा. आरसा, खिडकीच्या काचा आणि शहाबादी फरशीला घाम.

हवेत ९० टक्के आर्द्रता असेल तर भिंत हवेपेक्षा जेमतेम दोन अंश थंड असली तरी तिच्यावर दव धरतं. आणि बुरशीला दव धरायचीही गरज नसते. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर बरेच दिवस राहिली की ती उगवते. आपल्या जुलैत बाहेरचीच हवा तेवढी ओली, त्यात आपण घरात भर घालतो. किती, तर हिशोब बघा. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस-बावीस लिटर पाणी ज्योतीतूनच घरात आलं, भाताची आणि आमटीची वाफ वेगळी. एक बादली कपडे पिळून घरात दोरीवर टाकले की त्यातून दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. ते कुठेतरी बसणारच, आणि बसतं ते सगळ्यात थंड भिंतीवर.

म्हणून पहिलं काम: कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. जागा नसेल तर एकच खोली ठरवा, तिचं घराकडचं दार बंद आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. चार खोल्यांत कपडे पसरले तर चारही भिंती जातात. शहरात भाड्याने राहणारे विद्यार्थी तर एकाच खोलीत झोपतात, स्वयंपाक करतात आणि कपडे वाळवतात. उद्यमबाग-मच्छेच्या बाजूला अशा खोल्या भरपूर आहेत. त्यांच्यासाठी जवळच्या लाँड्रीत पावसाळ्यापुरते जाड कपडे देणं बुरशी काढत बसण्यापेक्षा परवडतं.

दुसरं, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा. तो चालू असताना दार लोटून घ्या, नाहीतर वाफ आधी घरभर फिरते. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू राहू दे. तिसरं, कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. शक्य असेल तर कपाट आतल्या भिंतीला लावा, ती भिंत कमी थंड असते. चौथं, उघडीप मिळाली की तो दिवस वाया घालवू नका. सगळ्या खिडक्या उघडा, गाद्या गच्चीवर टाका, कपाटं उघडी ठेवा, पंखे लावा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की दुपारचे दोन तास पुरतात.

डांबराच्या गोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला हे किड्यांसाठी ठीक, ओलीवर त्यांचा उपयोग नाही. बंद कपाटात कॅल्शियम क्लोराईडचे डबे चालतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात; भरले की पाणी ओतून बदलायचे, आणि मुलांपासून लांब ठेवायचे. उघड्या खोलीत ते पुरत नाहीत. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) खरोखर काम करतो, पण खिडक्या बंद ठेवल्या तरच, आणि वीज खातो. गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) घेत असाल तर हिशोब करून घ्या: मोफत युनिट तुमच्या मीटरच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरतात, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं.

बुरशी काढताना कोरड्या झाडूने किंवा ब्रशने घासू नका, तिचे कण हवेत उडतात आणि दमेकऱ्याला, लहान मुलाला तेच बाधतात. मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, भिंत पंख्याखाली वाळवा. ब्लीच वापरायचं तर पातळ करून, खिडकी उघडी ठेवून. टॉयलेट क्लीनरमधल्या ॲसिडबरोबर किंवा अमोनियावाल्या काचेच्या क्लीनरबरोबर ते कधीही मिसळू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा आहे.

रंग केव्हा

गणपती जवळ आले की घर रंगवायची घाई होते. पाहुणे येणार, आरास होणार, भिंत काळी कशी ठेवायची, ही भावना समजते. पण श्रावणात भिंती पाण्याने भरलेल्या असतात. त्यांच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावला की पाणी आत कोंडतं, आणि दसऱ्यापर्यंत फुगे येतात. गणपतीला ती भिंत धुऊन, पुसून, पुढे कापडी पडदा सोडून सजवा, किंवा फार तर चुना मारा. भिंत वाळायचा ढोबळ हिशोब इंचाला महिना असा धरतात. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-पाच महिने लागतात. म्हणजे पाण्याची वाट बंद केल्यावर रंगाचा मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. निदान पावसात, दुरुस्ती उन्हाळ्यात.

मालकांशी कसं बोलायचं

"काका, भिंत खराब झाली" एवढं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: "पाऊस संपू दे, बघू." पाऊस संपतो, डाग फिका पडतो, विषय मागे पडतो. म्हणून जुलैमध्येच फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरा, तारीख दिसू दे. फॉइलचा फोटो, अंगणाच्या पातळीचा फोटो. मग व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा, साध्या भाषेत:

"काका, नमस्कार. झोपायच्या खोलीची पश्चिमेची भिंत वाऱ्याचा पाऊस आला की ओली होतेय. छज्जाच्या वर भेग दिसतेय, फोटो पाठवलाय. पावसात कायमचं काम होणार नाही हे कळतं. आता ताडपत्री बांधतो, चालेल ना? भेग आणि गिलाव्याचं काम मार्चमध्ये करून घेऊया. गवंडी आणू का, की तुमच्या माहितीतला आहे?"

यात तक्रार आहे, पण कारण, तात्पुरता उपाय आणि तारीखही आहे. आपल्याकडे मालक बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर किंवा शेजारीच राहतात, त्यांनाही ती भिंत टिकायला हवी असते. चहाला बोलावून भिंत दाखवलेली जास्त कामाला येते. लेखी निरोप त्यानंतर पाठवा, पण पाठवाच.

कायद्याचं थोडं. अकरा महिन्यांचा करार करतात, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. करार कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला तो सफाईने वाचता येत नसेल, तर सही करायच्या आधी जाणत्याकडून ओळ न ओळ वाचून घ्या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये असं आहे की, करारात किंवा स्थानिक वहिवाटीत वेगळं नसेल तर, जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती त्यांनी कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. यात "बंधनकारक" हाच कळीचा भाग. म्हणून करारात एक वाक्य घालून घ्या: छत, बाहेरच्या भिंती, जोतं, पाइपलाइन आणि वायरिंगची दुरुस्ती मालकाकडे, पंखे, नळाचे वायसर, बल्ब भाडेकरूकडे. ते वाक्य नसताना स्वतःच्या मनाने भाडं कापू नका, आधी वकिलाला विचारा.

नवीन घर बघताना

घर शोधायचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे भिंती सगळ्यात चांगल्या दिसायचे दिवस. तरी खुणा राहतात. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्यांना जुना असेल तर त्या भिंतीवर हात फिरवा, पापुद्रा पोकळ वाजतो का बघा. पलंग कुठे होता ते विचारा. स्विचबोर्डचे स्क्रू गंजलेत का, लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग कुजलाय का, कपाटाच्या मागच्या प्लायवर डाग आहेत का हे बघा. दाराआडची आणि जिन्याखालची भिंत रंगवायची राहून जाते, ती खरं सांगते. शेजारणीला विचारा, "मावशी, पावसात इथं पाणी येतंय काय?" गल्लीतली माणसं हे लपवत नाहीत. वडगाव, शहापूर, येळ्ळूर रोडच्या बाजूला घर घेत असाल तर बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठपर्यंत येतं, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्या गल्लीत किती चढलं होतं, हे नक्की विचारा. पुराचं पाणी शिरलेल्या घरात गाळाबरोबर क्षारही भिंतीत जातात आणि लोणा पुढे कित्येक वर्षं येत राहतो.

ठरवायच्या आधी एखाद्या वळवाच्या पावसानंतर लगेच परत जाऊन या. तासभर पडलेला वळीव गच्ची, छज्जा आणि अंगणाचा उतार सगळं दाखवून देतो.

राहायला गेल्या दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकांना पाठवा. घर सोडताना ॲडव्हान्समधून रंगाचे पैसे कापायचा विषय निघतोच, आणि त्याच कलम १०८ नुसार वाजवी वापरातून होणारी झीज भरून द्यायची जबाबदारी भाडेकरूवर नसते. कपाट घासून पडलेला चरा तुमचा. जोत्यातून चढलेली ओल तुमची नाही. पहिल्या दिवसाचे फोटो, जुलैचे निरोप आणि त्यांची उत्तरं एकत्र ठेवलीत तर हे बोलणं दहा मिनिटांत संपतं. चावी देण्याआधी मीटरचं शेवटचं रीडिंग घ्या आणि गृहज्योतीतून जुन्या घराचा आरआर नंबर (वीजबिलावरचा जोडणी क्रमांक) तुमच्या आधारपासून वेगळा करून घ्या, नाहीतर नव्या घराला अर्ज करताना अडचण येते.